मांधात्याचे बेट आणि एकटा वाटसरू

भोपाळच्या पिपलानी वसाहतीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना नर्मदा दक्षिणेस आहे. त्यांच्या पूर्वजांना ती उत्तरेस होती. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने ज्यांना पुण्या-नागपुराहून इकडे आणले, त्यांनी आगगाडीच्या खिडकीतून तिच्या पात्रात नाणे टाकून नदी ओलांडली, आणि त्या क्षणी आपण विक्रम संवताच्या व पौर्णिमेला संपणाऱ्या महिन्यांच्या मुलखात शिरलो याची दखल फार थोड्यांनी घेतली. परंतु दीड-दोनशे वर्षांपूर्वी देशावरून किंवा कोकणातून पायी निघालेल्या यात्रिकाला नर्मदा हा उत्तरेचा उंबरठा होता, आणि त्या उंबरठ्यावर, पाण्याने वेढलेले आणि अरण्याने झाकलेले, मांधाता नावाचे एक बेट होते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी ओंकारेश्वर जेथे वसला आहे त्या या बेटाचा इतिहास राजवंशांच्या क्रमाने अनेकांनी सांगितला आहे. परंतु तेथे एकट्याने जाणाऱ्या माणसावर काय काय संकटे कोसळली आणि प्रत्येक काळाने त्या संकटांची कशी तजवीज केली, या अंगानेही तो सांगता येतो, आणि त्या अंगाने पाहिले असता तो अधिक बोलका होतो.

बेटाचे भूवर्णन प्रथम केले पाहिजे, कारण तेथील पुष्कळशी संकटे त्याच्या रचनेतूनच उद्भवली आहेत. आजच्या खंडवा जिल्ह्यात, मोरटक्क्याच्या वरच्या अंगाला, नर्मदेचे दोन प्रवाह होऊन मध्ये सुमारे पाऊण चौरस मैलाहून थोडी अधिक भूमी उरते. दक्षिणेकडचा प्रवाह खोल, संथ आणि जवळजवळ निःशब्द असून दोन्ही बाजूंनी हिरवट छटेच्या, ठळक थरांच्या खडकांचे कडे त्यावर उभे ठाकलेले आहेत. बेटाच्या पूर्व आणि दक्षिण अंगांचे कडे तर चारशे-पाचशे फुटांचे. उत्तरेकडच्या प्रवाहाला कावेरी म्हणतात. ही दक्षिणेतील कावेरी नव्हे. वरच्या बाजूस नर्मदेला मिळणारी याच नावाची एक लहान नदी नर्मदेच्या पाण्यात न मिसळता आरपार जाते आणि बेटाच्या मागून पुन्हा वेगळी वाहू लागते, अशी समजूत आहे, आणि म्हणूनच येथे एकाच तीर्थात दोन संगमांचे पुण्य मोजले जाते. बेटावरील शिवपुरी आणि दक्षिण तीरावरील ब्रह्मपुरी व विष्णुपुरी मिळून हे तीर्थ होते. जुन्या सरकारी गॅझेटियरात मधल्या डोहाचे वर्णन करताना मगरींचा आणि यात्रेकरूंच्या हातून खाद्य घेण्याइतक्या माणसाळलेल्या मोठ्या माशांचा उल्लेख एकाच वाक्यात आला आहे. भय आणि वात्सल्य यांचे असे सान्निध्य त्या जागेच्या प्रकृतीला धरूनच आहे.

या बेटावर एकट्याने राहिलेला पहिला मनुष्य म्हणून परंपरा ज्याचे नाव सांगते तो दर्याव नाथ नावाचा गोसावी होय. कालभैरव आणि काली यांच्या नरभक्षक दहशतीमुळे बेटावर कोणी यात्रिक पाऊल ठेवीत नसे, तेव्हा या गोसाव्याने तपोबलाने कालीला एका गुहेत कोंडले आणि पुढे नरबलीचे आश्वासन देऊन भैरवाला शांत केले, अशी कथा आहे. याच कथेच्या पुढच्या भागात भरतसिंह नावाचा चौहान नथू भिल्लाकडून ११६५ साली मांधाता घेतो, आणि त्याच्या वंशातले राव आपणांस भिलाला, म्हणजे रजपूत आणि भिल्ल या उभय रक्तांचे, म्हणवून तीर्थाचे वंशपरंपरागत रक्षक होतात. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी तिचा आशय स्पष्ट आहे: या जागी येणाऱ्या परक्याला अभय देणारी कोणती तरी सत्ता असल्याखेरीज येथे तीर्थ नांदूच शकत नव्हते.

तशी सत्ता त्याही पूर्वी होती, याला लेखी पुरावा आहे. धारच्या परमार जयसिंहाने विक्रम संवत १११२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०५५ च्या सुमारास, दिलेला मांधात्याचा ताम्रपट अमरेश्वराच्या पट्टशाळेतील ब्राह्मणांच्या भोजनादी खर्चासाठी एक गाव लावून देतो. आणि त्यानंतर अवघ्या काही वर्षांनी, संवत ११२० मध्ये, दक्षिण तीरावरील अमरेश्वराच्या मंदिरात जी स्तोत्रे कोरली गेली त्यांत, आपल्याकडे अभिषेकाच्या वेळी ज्याचे पठण होते ते शिवमहिम्नही आहे. महसूल अन्नाकडे वळविण्याची ही जी वहिवाट अकराव्या शतकात दिसते, तीच पुढे सदावर्त आणि अन्नछत्र या रूपांनी नर्मदेच्या दोन्ही तीरांवर पसरली.

मात्र भैरवाला दिलेल्या वचनाची दुसरी बाजूही शेकडो वर्षे चालू राहिली. बेटाच्या पूर्व टोकाला बीरखळा नावाचे जे कडे आहेत, तेथून नवस बोललेले भाविक कार्तिकी यात्रेत खाली उड्या घेत, आणि त्या मृत्यूला मोक्षाचे द्वार समजले जाई. १८२४ च्या सुमारास निमाडावर इंग्रजी अंमल बसला तेव्हा ही प्रथा बंद करण्यात आली. धर्मशास्त्रात भृगुपतनाचे, म्हणजे अशा कड्यावरून देह टाकण्याचे, जे काही समर्थन असेल ते असो. ज्या समाजाने वाटसरूला अन्न देण्यासाठी गावे लावून दिली, त्याच समाजाने कड्याच्या टोकावर उभ्या राहिलेल्या एकट्या, बहुधा दुःखाने ग्रासलेल्या माणसाला मागे ओढले नाही, हा या बेटाच्या इतिहासातला विषाद आहे आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

अठराव्या शतकात या मुलखात मराठ्यांचा अंमल आला. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला खुद्द भोपाळात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराईसराईच्या तहाने नर्मदा व चंबळ यांमधील प्रदेश त्याच्याकडून मान्य करून घेतला. म्हणजे आज आपण जेथे वीजयंत्रे घडवितो त्या माळाच्या आसपासच दक्षिणेकडच्या यात्रिकांना उत्तरेचा रस्ता फौजेच्या बळावर मोकळा झाला. परंतु नदीपुढे फौजेचाही इलाज चालत नाही. २८ एप्रिल १७४० रोजी मांधात्याच्या पश्चिमेस, त्याच नर्मदेच्या दक्षिण तीरावर, रावेरखेडीच्या छावणीत तापाने तोच बाजीराव निवर्तला. सैन्य जवळ असूनही मनुष्य ज्या उन्हाळ्यात असा एकटा पडतो, त्या उन्हाळ्यात निमाडच्या वाटेने एक धोतर आणि एक लोटा घेऊन चालणाऱ्याची कल्पना करावी.

अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरास राजधानी केली तेव्हा या वाटसरूला प्रथमच एक जागरूक शेजार लाभला. घाट, धर्मशाळा आणि पूजेची नेमणूक या तीन गोष्टींत त्यांचा लौकिक सर्वश्रुतच आहे. मामलेश्वराच्या, म्हणजे दक्षिण तीरावरील त्याच अमरेश्वराच्या, देवळात हजार छिद्रांच्या लाकडी फळीवर मातीची लिंगे करून ती पूजावयाची आणि नर्मदेत सोडावयाची, हा ब्राह्मणांचा नित्यनेम होळकरांच्याच खर्चाने चाले. उलट पेशवाईच्या अखेरीची एक हकीकत जुन्या इंग्रजी प्रवासपुस्तकांत नोंदलेली आहे, ती मोठी मासलेवाईक आहे. दुसऱ्या बाजीरावाला ओंकाराच्या मूळ मंदिराचा जीर्णोद्धार करण्याची इच्छा झाली, परंतु बेटावर रान इतके माजले होते की मंदिरच सापडेना. तेव्हा त्याने दक्षिण तीरावर दुसरे मंदिर बांधविले, आणि पुढे मूळ स्थान सापडून मांधात्याच्या राजाने त्यावर देऊळ उभारले तोवर माहात्म्याचा बराचसा वाटा पलीकडे गेलेला होता. हकीकत अक्षरशः खरी असो वा नसो, पेशव्यांच्या कारभाऱ्यांना जेथे ज्योतिर्लिंग सापडत नाही तेथे एकट्या यात्रिकाला वाट सापडत नसे, यात नवल ते काय?

वाट सापडली तरी वाटेत कोण सापडेल याचा भरवसा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नर्मदेच्या उत्तर तीरावर सातवास व नेमावर या भागांत चितू पेंढाऱ्याचा तळ होता आणि दौलतराव शिंद्यांनीच त्याला तेथे जमीन तोडून दिली होती. वरच्या खोऱ्यात, नरसिंहपूरला, १८२२ ते १८२४ या काळात विल्यम स्लीमन कारभार पाहत होता. त्याच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावरील कंदेली गावात ठगांची टोळी राहत असे आणि त्याला त्याचा सुगावाही नव्हता, हे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. ठगांचे सावज कोण, तर एकटा वाटसरू. त्यांची रीत कोणती, तर त्याला सोबत देऊ करणे. म्हणून त्या काळच्या शहाण्या यात्रिकाला एकटेपणाइतकेच अनाहूत सोबतीचेही भय बाळगावे लागे. नियतीचा न्याय असा की, इंग्रजांच्या पाठलागापुढे चितूचे साथीदार पांगले आणि १८१९ साली याच टापूतल्या अरण्यात एकटा भटकत असता तो वाघाच्या तोंडी पडला.

या सर्व आपत्तींना एका व्रताच्या चौकटीत बसविण्याचे काम नर्मदेच्या परिक्रमेने केले. १३१२ किलोमीटर लांबीच्या नदीला उजव्या हाताला ठेवून, कोठेही तिचे पात्र न ओलांडता, शास्त्रोक्त रीतीने तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांत पूर्ण करावयाचा हा प्रवास मराठी माणूस बहुधा ओंकारेश्वराच्या दक्षिण तीरावरून सुरू करतो. येथे नियमाची खुबी पाहण्यासारखी आहे: संकल्प सोडल्यापासून परिक्रमा पूर्ण होईपर्यंत परिक्रमावासीला समोरच्या बेटावर पाऊल ठेवता येत नाही, कारण तेथे जाणे म्हणजे नदी ओलांडणे. ज्याच्या दर्शनासाठी निघावयाचे तो देव हाकेच्या अंतरावर सोडून, दोन्ही तीरांचा संपूर्ण फेरा करून मगच त्याच्याकडे यावयाचे. या फेऱ्यात राजघाटाच्या पुढे शूलपाणीची झाडी लागे. तेथील भिल्ल, ज्यांना परिक्रमावासी आदराने ‘मामा’ म्हणत, यात्रिकाची घोंगडी, भांडी, शिधा आणि अंगावरचे वस्त्रही काढून घेत आणि लंगोटीवर त्याला पुढे सोडून देत. सहसा जिवाला धक्का लावीत नसत. ही लूट मैयाच्याच आज्ञेने होते, ती आपला अहंकार उतरविण्यासाठी असते, अशी यात्रिकांची श्रद्धा होती. श्रद्धेचा मान राखूनही तिच्या खालचा व्यवहार विसरता येत नाही: १८७८ च्या वनकायद्याने आणि त्यानंतरच्या राखीव जंगलांच्या बंदोबस्ताने ज्यांच्या हातचे रान गेले, त्यांच्या दारावरून जाणाऱ्या घोंगडीला वेगळीच किंमत होती. मांधात्याला भिल्लांच्याच रक्ताचा राव यात्रिकाचा रक्षक, आणि शूलपाणीत भिल्लच त्याला लुटणारा, हा विरोध ज्याला उमगला त्याला या नदीकाठचा अर्धा इतिहास उमगला. वस्त्रहीन होऊन बाहेर पडलेल्याला पुढच्या गावात ‘नर्मदे हर’ एवढ्या हाकेवर कपडा आणि कोरा शिधा मिळे. कोणी नाव-गाव विचारीत नसे. गो. नी. दांडेकरांनी तरुणपणी ही परिक्रमा केली, आणि त्यांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या पुस्तकामुळे ही रीत घरबसल्या मराठी वाचकांच्या ओळखीची झाली.

यानंतरचा इतिहास सुखसोयींचा आहे आणि तो थोडक्यात आटोपतो. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी एक कोटी रुपयांचे कर्ज दिल्यामुळे खंडवा-इंदूर लोहमार्ग झाला, १८७६ साली मोरटक्क्याला नर्मदेवर पूल उभा राहिला, आणि स्थानकापासून बेटापर्यंत सात मैलांचीच वाट उरली. नावाड्यांच्या जोडीला पुढे बेटावर जाणारे पादचारी पूल आले. २००७ साली बेटाच्या वरच्या अंगाला ५२० मेगावॉटचे ओंकारेश्वर धरण पूर्ण झाले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बेटाच्या डोंगरावर आद्य शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा उभा राहिला. पिपलानीतून पहाटे निघालेले कुटुंब आता दुपारचा नैवेद्य गाठते.

तथापि आपत्ती गेली नाही, तिचे स्थलांतर झाले. देवघरातील बाणलिंगे ज्या धावडी कुंडातून येत, तेथील धाराजीच्या घाटावर, ७ एप्रिल २००५ च्या रात्री भूतडी अमावास्येच्या मेळ्यासाठी यात्रेकरू पाण्याकाठी जमले होते. आकाशात ढग नव्हता, पूर येण्याचे दिवस नव्हते. वरच्या इंदिरासागर धरणाच्या विद्युतगृहातून सुटलेले पाणी त्यांच्यावर चालून आले आणि साठांहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर ओंकारेश्वराच्या जलाशयात ते कुंडही गेले. मगर, वाघ, ठग आणि लुटारू यांच्याविषयी वाटसरूला कोणी तरी आगाऊ सांगत असे. वीजनिर्मितीच्या वेळापत्रकाविषयी त्या रात्री कोणी सांगितले नाही.

भोपाळच्या कारखान्यात पाणचक्क्या घडविणाऱ्या आम्हा लोकांनी या इतिहासातून एवढे तरी घ्यावे. नदीकाठच्या जुन्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते, आणि बीरखळ्याच्या कड्यावर तिने आपले कर्तव्य सपशेल टाकले. परंतु एकटा, अनोळखी मनुष्य पाण्याजवळ आला म्हणजे त्याच्या सुखरूपतेची जबाबदारी काठावरच्या प्रत्येकावर, राजापासून नावाड्यापर्यंत, येते हे तिने शतकानुशतके मानले आणि त्यासाठी गावे, घाट व शिधा खर्ची घातला. आज नदीचे पाणी सोडण्याचा आणि अडविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, ते राजाच्या जागी आले आहेत. म्हणून दरवाजे उघडण्यापूर्वी खालच्या घाटावर माणूस पाठविणे हा त्यांच्याकडून मिळणारा अनुग्रह नसून त्या जुन्या सनदेतले, अद्याप फेडावयाचे राहिलेले, देणे आहे.