थांबलेलं पाणी : भिलाईतल्या एका रात्रीचा घटनाक्रम

भिलाईपासून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर आहे. इथल्या दिवाणखान्यात प्रवाळांची टाकी ठेवायची तर समुद्र घरीच तयार करावा लागतो. नळाचं पाणी गाळून शुद्ध करायचं, त्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ विरघळवायचं, तापमान २५-२६ अंशांच्या आसपास राखायचं आणि ते पाणी चोवीस तास हलतं ठेवायचं. मीठ आणि तापमान यांची काळजी सगळेच घेतात. हलतं पाणी मात्र गृहीत धरलं जातं, आणि घात तिथेच होतो.

पुढचा घटनाक्रम कुण्या एका घराची हकिगत नाही. चारशे लिटरच्या, माशांनी बऱ्यापैकी भरलेल्या टाकीत वीज गेल्यावर काय काय आणि कोणत्या क्रमाने होतं, ते इथे मांडलं आहे. टाकीप्रमाणे वेळ तासा-दोन तासांनी मागेपुढे होईल. क्रम सहसा बदलत नाही.

काळ मेच्या अखेरचा. रोहिणी नक्षत्राच्या ज्या पहिल्या नऊ दिवसांना छत्तीसगडात नौतपा म्हणतात, ते दिवस. टाकीत क्लाउनफिशची जोडी, एक पिवळा टँग, तीन-चार अँथिया, एक गोबी, काही गोगलगायी. दगडांवर झोअँथिड, मशरूम आणि लेदर ही मऊ प्रवाळं. कठीण प्रवाळं नाहीत, कारण आपल्या समुद्रातली ती प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती काढणं, विकणं आणि बाळगणं गुन्हा आहे. क्लाउनफिश मात्र समुद्रातून पकडून आणण्याची गरज उरलेली नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवून दिलं आहे.

संध्याकाळी ६.३० : फोटोची वेळ

घरातला मुलगा कॅमेरा लावतो. खोलीतले दिवे बंद, म्हणजे काचेवर प्रतिबिंब येत नाही. लेन्स काचेला अगदी काटकोनात, कारण जाड काचेतून तिरकं पाहिलं की कडा विरतात. प्रवाळांच्या टाकीवरचे दिवे निळे असतात आणि कॅमेऱ्याला तो निळा आवरत नाही. झोअँथिडचे केशरी-हिरवे रंग एका जांभळ्या डागात बुडतात. म्हणून तो पांढरे दिवे थोडा वेळ वाढवतो, लेन्सपुढे नारिंगी फिल्टर धरतो आणि रॉ फाइल घेतो. शेवटी सगळे पंप बंद करतो. पाणी हललं की पॉलिप, म्हणजे प्रवाळांचे फुलासारखे इवले जीव, डोलतात आणि जवळून घेतलेला फोटो हलतो.

पंप थांबतात. पाण्यातले कण खाली बसतात, प्रत्येक पॉलिप उमललेला आणि स्थिर. टाकी इतकी सुंदर इतर वेळी कधीच दिसत नाही. दहा मिनिटांत फोटो होतात, पंप पुन्हा सुरू होतात. दिवसभर प्रकाश होता, प्रवाळांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाने प्राणवायू भरपूर सोडला आहे. दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. पण स्थिर पाणी छान दिसतं, एवढं डोळ्यांनी शिकून घेतलेलं असतं.

७.४० : वीज जाते

धुळीचं वादळ येतं, कुठेतरी तारेवर फांदी पडते आणि गल्ली काळोखात बुडते. इन्व्हर्टरवर पंखे आणि दोन ट्यूबलाइट लागतात. कूलर नाही आणि टाकीही नाही. तिचा प्लग मुख्य लाइनवरच आहे.

पाणी वर ढकलणारा रिटर्न पंप थांबताच वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून सम्पमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत, उतरू लागतं. सम्पमध्ये तेवढी जागा मोकळी असेल आणि पाइपाला सायफन तोडणारं भोक असेल, तर दोन मिनिटांत पाणी थांबतं. नसेल तर खारं पाणी फरशीवर येतं आणि तिथून एक्स्टेन्शन बोर्डाकडे जातं. या घरात जागा आहे. सम्पमधलं पाणी वर येऊन थांबतं. सगळे म्हणतात, "येईल इतक्यात."

८.१० : अर्धा तास

टॉर्चच्या उजेडात टाकी शांत दिसते, संध्याकाळच्या फोटोसारखीच. पण प्रवाळाच्या अंगावर बदल सुरू झालेला असतो. प्रत्येक पॉलिपभोवती न हलणाऱ्या पाण्याचा पातळ थर असतो. प्रवाह असला की तो पातळ राहतो, प्रवाह थांबला की जाड होतो. प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो स्थिर पाण्यात पसरतो. उजेड नसल्याने पेशींतलं शैवाल आता प्राणवायू बनवत नाही, उलट वापरतं. केसाएवढ्या संवेदकांनी मोजून पाहिलं, तेव्हा अंधारात आणि स्थिर पाण्यात प्रवाळाच्या त्वचेलगतचा प्राणवायू काही मिनिटांतच जवळजवळ संपलेला आढळला. टाकीभर प्राणवायू असतानाही प्रवाळ गुदमरू लागतं ते असं.

९.०० : प्राणवायूचा हिशेब

२६ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ६.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. म्हणजे चारशे लिटरमध्ये सगळा मिळून तीन ग्रॅमदेखील नाही. तेवढा प्राणवायू जेमतेम दहा लिटर हवेत असतो. एक बादली हवा ही या अख्ख्या टाकीची शिल्लक, आणि त्यावर मासे, प्रवाळं, गोगलगायी आणि दगडांच्या छिद्राछिद्रांत राहणारे कोट्यवधी जिवाणू जगतात. त्यांत सर्वांत मोठा वाटा कुणाला न दिसणाऱ्या जिवाणूंचा असू शकतो.

एरवी ही शिल्लक सतत भरली जाते. पंप खालचं पाणी वर आणतो, पृष्ठभाग ढवळतो, घाण फेसातून काढणारा स्किमर हवा घुसळतो. आता पृष्ठभागावर तेलकट साय धरली आहे आणि भरणा जवळपास बंद आहे. खर्च मात्र चालू आहे.

या घटकेला उपाय अगदी स्वस्त आहे. बॅटरीवरचा छोटा एअर पंप पुरतो. तोही नसेल तर तांब्याने पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओतायचं, दर दहा-पंधरा मिनिटांनी. पण टाकी ठीक दिसते आहे, म्हणून कुणी उठत नाही.

१०.०० : चुकीच्या शत्रूशी लढाई

घरात काळजी सुरू होते ती उष्म्याची. खोली ३६ अंशांवर, पाणी २६ वर. बर्फ टाकावा का, यावर चर्चा होते. गणित करून पाहू. काचेतून आणि पृष्ठभागातून येणारी उष्णता एवढ्या टाकीला तासाला साधारण पाव अंशाने तापवते. फ्रीजरमध्ये गोठवलेली एक लिटरची बंद बाटली तेवढाच पाव अंश खाली आणते. म्हणजे तासाला एक बाटली तरंगत ठेवली की काम होतं. नळाच्या पाण्याचा बर्फ थेट टाकला तर मात्र क्षारता बिघडते आणि क्लोरिनही आत जातं.

काहीच केलं नाही तरी पहाटेपर्यंत पाणी फार तर २८ अंशांच्या थोडं वर जाईल. तेवढं बहुतेक मासे आणि मऊ प्रवाळं एक रात्र सोसतात. त्या दोन अंशांनी पाण्याची प्राणवायू धरण्याची क्षमता जेमतेम तीन-चार टक्क्यांनी घटते. उन्हाळ्यात वीज गेली की सगळ्यांच्या मनात ऊन असतं. या रात्री मात्र मारणार आहे ते न हलणारं पाणी.

११.३० : माशांची साक्ष

टँगचे कल्ले भराभर उघडमीट करू लागतात. तो सतत पोहणारा मासा, त्याची गरज मोठी. अँथिया झोपायच्या कपारी सोडून पृष्ठभागाखाली जमतात, कारण सर्वांत वरच्या पातळ थरातच काही उरलेलं असतं. दिवसभर बिळात बसणारी गोबी उघड्यावर येते. क्लाउनफिश मात्र लेदर प्रवाळात अंग घुसळत राहतात. समुद्रफुलात राहणाऱ्या क्लाउनफिशवर झालेल्या अभ्यासांत रात्रीच्या या हालचालीने यजमानाभोवतीचं पाणी खेळतं आणि त्याला जास्त प्राणवायू मिळतो, असं दिसून आलं आहे. अख्ख्या टाकीत पाणी हलवण्याचं काम या घटकेला तेच दोघे करत आहेत.

अजूनही जवळजवळ सगळं वाचवता येईल. दीडशे अँपिअर-तासाच्या, बारा व्होल्टच्या इन्व्हर्टर बॅटरीत १८०० वॅट-तास असतात; निम्मेच हाती लागले असं धरलं, तरी पंधरा वॅटचा वेव्हमेकर, म्हणजे टाकीत प्रवाह करणारा पंप, दिवसभराहून अधिक चालतो. चिलर लावला तर तीच बॅटरी तीन-चार तासांत संपेल. म्हणून थंडाव्याचा नाद सोडून एकच पंप लावायचा आणि त्याचं तोंड पृष्ठभागाकडे वळवायचं. एक पंखा बंद केला तर एवढी वीज सहज निघते. पण दिवाणखान्यातली ट्यूब विझली आहे, घर झोपलं आहे.

रात्री १.३० : पहिला मृत्यू

तो कुणाच्या नजरेस पडत नाही. दगडाखालचे कृमी, वाळूतल्या गोगलगायी आधी जातात. त्यांचं शरीर कुजू लागतं आणि कुजण्याच्या क्रियेलाही प्राणवायू लागतो. इथून उतार वेगाने सुरू होतो, कारण प्रत्येक मृत्यू उरलेल्यांच्या वाट्याचा श्वास घेतो. श्वासातून साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच खाली आला आहे. कुजण्यातून सुटणाऱ्या अमोनियाचं रूपांतर करणाऱ्या जिवाणूंनाही प्राणवायू हवा असतो. त्यांचं काम मंदावतं आणि अमोनिया साचू लागतो.

३.०० : मोठ्या टाक्यांनाही हाच नियम

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ न्यू ऑर्लिन्सवर आलं. तिथल्या ऑडबॉन मत्स्यालयाची इमारत वादळातून बरीचशी वाचली. पुढच्या दिवसांत कर्मचाऱ्यांना शहर सोडावं लागलं, जनरेटर बंद पडला आणि हजारो मासे मेले. संग्रहातले बहुतेक गेले. मत्स्यालय पुन्हा उघडायला २००६चा उन्हाळा उजाडला.

१६ डिसेंबर २०२२च्या पहाटे बर्लिनच्या एका हॉटेलातली दहा लाख लिटरची ॲक्वाडोम टाकी फुटली आणि तिच्यातले सुमारे पंधराशे मासे जवळजवळ सगळे गेले. तळघरातल्या पैदाशीच्या टाक्यांना मात्र धक्का लागला नव्हता. तरीही त्यांतले शेकडो मासे त्याच दिवशी दुसरीकडे हलवावे लागले, कारण वीज तोडली गेली होती. तिथल्या माणसांनी माशांची तडफड दिसण्याची वाट पाहिली नाही, घड्याळ पाहिलं. म्हणून ते मासे वाचले.

४.४५ : कडेलोट

पहाटेपूर्वीचा हा काळ सर्वांत वाईट. शेवटच्या उजेडाला नऊ तास होऊन गेले. टँग आडवा पडला आहे, अँथिया गेल्या आहेत. लेदर प्रवाळ मिटून खाली झुकलं आहे, झोअँथिड घट्ट बंद आहेत. पाणी दुधाळ दिसू लागतं आणि त्याला वास येतो. बाहेर उजाडतं तेव्हा क्लाउनफिशपैकी एक पृष्ठभागाशी तोंड उघडत असतो.

सकाळी ६.१० : वीज येते

सगळे पंप एकदम सुरू होतात, घर सुटकेचा श्वास टाकतं. धोका मात्र टळलेला नाही. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये रात्रभर कोंडलेलं कुजकं पाणी पहिल्याच मिनिटात टाकीत येतं. त्यात हायड्रोजन सल्फाइडही असू शकतो. पाणी ढवळलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच वर चढतो आणि रात्री कमी घातक असलेला तोच अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून आधी फिल्टरमधलं पाणी ओतून द्यायचं, मेलेले जीव काढायचे, तयार खाऱ्या पाण्याने मोठा बदल करायचा, फिल्टरमध्ये ताजा सक्रिय कोळसा घालायचा. दिवे मंद आणि खाणं बंद. हे न केल्याने रात्रभर तग धरलेला क्लाउनफिश दुपारी जातो.

यातून काय घ्यायचं

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस (झोतभट्टी) ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झाली. एकदा पेटवलेली भट्टी मनात आलं म्हणून बंद करता येत नाही, हे इथल्या घराघराला ठाऊक आहे. प्रवाळांची टाकीही तशीच आहे. ती सजावट समजून घेतली की तिचा प्लग टीव्हीशेजारी लागतो. चालू यंत्रणा समजून घेतली की इन्व्हर्टरवर.

या रात्री पहिले तीन तास टाकीच्या कुठल्याही फोटोत काहीच वावगं दिसलं नसतं. म्हणून डोळ्यांवर भिस्त ठेवायची नाही, वेळेवर ठेवायची. वीज गेल्यापासून पंधरा मिनिटं झाली की पाणी हलवायला लागायचं, टाकी कितीही शांत दिसो. मासे आणण्याआधी एका रात्री स्वतः मेन स्विच पाडावा. सम्प कुठवर भरतो ते पाहावं, बॅटरीवरचा पंप सकाळपर्यंत चालतो का ते तपासावं. ही चाचणी पार पडत नसेल, तर त्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी भरू नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. जे जीव आपण समुद्रापासून इतक्या दूर आणतो, त्यांच्या रात्रीच्या श्वासाची सोय करणं ही त्यांना आणण्याची पहिली अट आहे.