पोर्ट आर्थर : कैद्यांबरोबर म्हातारी झालेली वसाहत

संस्थेची वाटचाल लिहायला घेतली की 'इवल्याशा रोपट्याचा वटवृक्ष झाला' हे वाक्य न बोलावता कागदावर येऊन बसते. पोर्ट आर्थरच्या बाबतीत त्याला जागा नाही. या संस्थेची सुरुवातच झाडे तोडण्यापासून झाली.

१८३० साली व्हॅन डीमेन्स लँडच्या, म्हणजे आजच्या टास्मानियाच्या आग्नेयेला, टास्मान द्वीपकल्पावर सरकारने लाकूडतोडीचे एक ठाणे उघडले. लेफ्टनंट गव्हर्नर जॉर्ज आर्थर यांचे नाव त्याला मिळाले. ब्रिटनमधून जहाजात घालून पाठवलेले कैदी सहसा थेट इथे येत नसत. त्यांना आधी एखाद्या शेतमालकाकडे किंवा सरकारी कामावर जुंपत. वागणूक नीट राहिली तर मुदत संपण्याआधीच बाहेर राहून मजुरी करण्याचा परवाना मिळे; त्याला म्हणत 'तिकीट ऑफ लीव्ह'. उद्धटपणा केला, पळाला, पुन्हा चोरी केली, तर साखळदंड बांधून रस्त्याच्या कामावर. त्यानेही सुधारला नाही, तर १८३३ पासून त्याची रवानगी पोर्ट आर्थरला होऊ लागली. काळ्या पाण्यातलेही हे काळे पाणी.

त्याच वर्षी चार्ल्स ओ'हारा बूथ नावाचा लष्करी अधिकारी इथला प्रमुख झाला आणि ११ वर्षे राहिला. संस्थेला खरा आकार दिला तो याने. बोटी बांधण्याचा कारखाना निघाला, चांभारकाम, लोहारकाम, दगडकाम सुरू झाले. डोंगरमाथ्यांवर उंच खांब उभारून त्यांचे लाकडी हात हलवत होबार्टपर्यंत निरोप धाडण्याची सोय केली. १८३६ मध्ये सात किलोमीटरांची रेल्वे आली. रूळ लाकडाचे, आणि इंजिनाच्या जागी कैदी! चढावर साहेबाचा डबा ढकलायचा आणि उतारावर आपणही त्यावर चढून बसायचे. ऑस्ट्रेलियातली पहिली प्रवासी रेल्वे म्हणून तिचा उल्लेख होतो, तेव्हा ढकलणाऱ्यांचीही आठवण व्हावी. कामात कसूर झाली की नऊ पदरी चाबूक होताच.

पळून जाणे अवघड होते. द्वीपकल्पाला जोडणारी ईगलहॉक नेक ही जमिनीची चिंचोळी पट्टी शंभर मीटरही रुंद नाही. तिच्यावर या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत कुत्री साखळीने बांधलेली असत, शेजारी दिवे जळत. बिली हंट नावाच्या कैद्याने कांगारूचे कातडे पांघरून निसटायचा बेत केला. पहारेकऱ्यांना ताजे मटण दिसले, त्यांनी बंदुका रोखल्या आणि 'कांगारू' ओरडत शरण आला, अशी कथा आजही सांगतात.

खाडीपलीकडे पॉइंट प्युअरला १८३४ पासून पोरांचा तुरुंग होता. त्यातल्या काहींचे वय जेमतेम नऊ. सुतारकी, पाथरवटी शिकवून त्यांना हाताला काम द्यावे, असा उद्देश होता. पोर्ट आर्थरच्या चर्चचे दगड या पोरांनीच घडवले. १८४९ मध्ये तो बंद झाला.

तोवर विलायतेत शिक्षेचा विचार बदलला होता. चाबकाने माणूस निबर होतो, एकांताने तो वळणावर येतो, अशी नवी समजूत होती. लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगाच्या धर्तीवर १८४८ पासून इथे 'सेपरेट प्रिझन' उभारले. कैद्याला नाव नाही, नंबर. दिवसाचे २३ तास एकट्याने कोठडीत. बाहेर काढताना तोंडावर टोपडे, म्हणजे कोणी कोणाचा चेहरा पाहायला नको. पहारेकऱ्यांच्या पायांत मऊ जोडे, पावलांचाही आवाज नको. प्रार्थनेलासुद्धा प्रत्येकाला वेगळा उभा खण, नजर फक्त पाद्र्यावर. भजन गाताना तेवढा गळा मोकळा करता येई. अंदमानच्या सेल्युलर जेलबद्दल वाचलेल्या मराठी वाचकाला हे घराणे ओळखीचे वाटेल.

१८५३ मध्ये इंग्लंडने या बेटावर कैदी पाठवणे थांबवले. नवा माल बंद, पण कारखाना चालूच. पिठाच्या गिरणीचे आणि कोठाराचे १८५७ पर्यंत तुरुंगात रूपांतर झाले. खाली १३६ कोठड्या, वर सामायिक निजायची जागा. आत राहणारे मात्र म्हातारे होत चालले होते. कोणाचे डोळे गेले, कोणाचे डोके. निराधार म्हाताऱ्यांसाठी सोय करावी लागली आणि १८६८ मध्ये सेपरेट प्रिझनच्या शेजारीच वेड्यांचे इस्पितळ उभे राहिले. इतका चपखल शेजार कुठल्या नाटककारालाही सुचला नसता.

१८७२ मध्ये कादंबरीकार अँथनी ट्रॉलॉप इथे आला. त्याला डेनिस डोहर्टी भेटला. कोवळ्या वयात सैन्यात असतानाच शिक्षा होऊन देशाबाहेर काढलेला हा आयरिश माणूस चाळीसएक वर्षे कैदेत होता. पुन्हा पुन्हा पळाला, पुन्हा पुन्हा सापडला. अंगावर तीन हजार फटके बसले, असे तो सांगे. हिशेब त्याचा स्वतःचा; पण तो तपासायला त्याच्या पाठीइतकी दुसरी वही नव्हती. ट्रॉलॉप गेल्यावर पाच वर्षांनी, १८७७ मध्ये संस्था बंद पडली.

मग सरकारने गावाचे नावच बदलून कार्नार्व्हन केले. इमारती, जमिनी विकल्या. १८९५ आणि १८९७ च्या वणव्यांत बरेच काही जळाले, तेव्हा हळहळणारे थोडेच असतील. घरात कैदी पूर्वज असणे हा डाग होता. तो बोलायचा नसे. पण पाहायला येणारे थांबेनात. १९२७ मध्ये जुने नाव परत आले. २०१० मध्ये कैद्यांच्या इतर दहा ठिकाणांबरोबर पोर्ट आर्थर जागतिक वारसा यादीत गेले. त्याआधी, २८ एप्रिल १९९६ रोजी, एका बंदूकधाऱ्याने या परिसरात ३५ माणसे मारली. त्यातली काही जिथे मारली गेली त्या कॅफेचे नाव होते 'ब्रॉड ॲरो', कैद्यांच्या कपड्यांवर छापत त्या सरकारी बाणाचे.

खाडीत 'आयल ऑफ द डेड' नावाचे छोटे बेट आहे. हजाराहून अधिक माणसे तिथे पुरली आहेत. अधिकारी आणि त्यांचे कुटुंबीय उंचवट्यावर, कोरलेल्या दगडांखाली. कैदी सखल बाजूला. बहुतेकांच्या डोक्याशी दगड नाही. होबार्टच्या दप्तरात मात्र त्यांची उंची, डोळ्यांचा रंग आणि दंडावर काय गोंदले होते ते बारीक अक्षरात लिहून ठेवलेले आहे, आणि पणतवंडे हल्ली ते शोधायला येतात.