कान्हेरीचे सेलवढकी

बोरीवलीच्या पूर्वेस असलेल्या डोंगरातील कान्हेरी लेण्यांविषयी आजवर पुष्कळ लेखन झाले आहे. दाते कोण, राजे कोणते, कोणते शिल्प कोणत्या शतकातील, या प्रश्नांची विद्वानांनी सविस्तर चर्चा केली. परंतु ज्यांनी हा डोंगर प्रत्यक्ष कोरला, त्या कारागिरांचा विचार क्वचितच होतो. वास्तविक त्यांची नोंद कान्हेरीच्याच शिलालेखात आहे. त्या नोंदीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

शिलालेखांत या स्थानाचे नाव ‘कण्हसेल’, म्हणजे कृष्णशैल, काळा डोंगर असे येते. ज्वालामुखीजन्य खडकाच्या या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभापासून जवळजवळ एक हजार वर्षे येथे भिक्षुसंघाचा वास होता. लेणे कोरण्याचे काम वरून खाली चालत असे. आधी छत, मग स्तंभ, शेवटी जमीन. चुकून एक टवका अधिक उडाला तर तो पुन्हा जोडता येत नाही. त्याच हातांनी प्रत्येक लेण्याजवळ पाण्याच्या पोढी खोदल्या आणि पावसाचे पाणी त्यांत आणणारे पाटही कोरले.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील, म्हणजे महाचैत्यगृहातील लेख सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळातील, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील मानला जातो. गजसेन आणि गजमित या वणिक बंधूंचे हे दान. या लेखात दात्यांबरोबरच बांधकामावर देखरेख करणारा ‘नवकमिक’ भिक्षु बोधिक येतो. आणि त्याच्यासह ‘सेलवढकी’ व ‘मिठिक’ हे कारागीरही येतात. ‘मिठिक’ म्हणजे दगडाला घोटून झिलई देणारा. ‘सेलवढकी’ हा शब्द विशेष अर्थपूर्ण आहे. पालीत ‘वड्ढकी’ म्हणजे सुतार. तेव्हा सेलवढकी म्हणजे दगडाचा सुतार. लाकडी वास्तूची घडण ज्यांच्या हाती मुरलेली होती, त्यांनी ती दगडात उतरवली, ही गोष्ट या एका शब्दात साठवलेली आहे. चैत्यगृहाच्या कमानदार छताला एके काळी लाकडी फासळ्या होत्या, हेही येथे लक्षात घ्यावे. याच चैत्यगृहात काही स्तंभांवर कोरीव शीर्षे आहेत, तर बरेच स्तंभ साधे अष्टकोनीच राहिले आहेत. काम कुठवर आले होते, हे तेथे आजही वाचता येते.

देखरेखीची ही प्रथा विनयातून आलेली आहे. चुल्लवग्गात वैशालीच्या एका दरिद्री शिंप्याची कथा आहे. त्याने स्वतः चिखल तुडवून, विटा रचून संघासाठी विहार बांधावयास घेतला. परंतु ते काम त्याला ठाऊक नसल्याने भिंत तीन वेळा कोसळली. जे दान देतात त्यांना भिक्षु मार्गदर्शन करतात, मी गरीब म्हणून मला कोणी विचारीत नाही, अशी त्याने तक्रार केली. ती भगवंतांच्या कानी गेली आणि त्यांनी नवकम्मासाठी भिक्षु नेमण्याची अनुज्ञा दिली. एका श्रमिकाच्या गाऱ्हाण्यातून संघाचा नियम निर्माण झाला. कान्हेरीच्या लेखात नवकमिक आणि सेलवढकी एकत्र येतात, ते या परंपरेला धरूनच.

याच साष्टीच्या दगडातून पुढे मुंबई शहर उभे राहिले. मालाडचा पिवळसर आणि कुर्ल्याचा काळा दगड आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीला लागला. 1924 साली खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया खरोडीच्या पिवळ्या बेसाल्टचे आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, सुमारे 61 मीटर उंचीचा बेसाल्टचा सुळका, 1952 साली राष्ट्रीय स्मारक ठरली. तिच्या भोवतालचा खडक खाणींनी खाल्ला. वरील दोन्ही वास्तूंचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण पहार आणि घण चालविणारे हात कोणाचे? महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या हे काम वडार आणि पाथरवट यांनी केले. त्यांची नावे मात्र इतिहासाच्या पानावर आली नाहीत. अठराशे वर्षांपूर्वीच्या चैत्यगृहात जे घडले, ते आधुनिक शहरात घडले नाही.

कान्हेरीच्याच दुसऱ्या एका लेखात कल्याणच्या अपरेणुक या उपासकाने संघाला ‘मंगलठाण’ गावचे शेत दिल्याची नोंद आहे. विद्वान ते बोरीवलीचे मागाठाणे मानतात. तेथील बौद्ध लेणी आज वस्तीने वेढलेली आणि झिजलेली आहेत. ती जतन करणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु स्मारक जपणे म्हणजे केवळ दगड जपणे नव्हे. कान्हेरीला जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी चैत्याला वंदन करून दात्यांची नावे आपल्या मुलांना जरूर सांगावीत; मात्र त्याच लेखातील ‘सेलवढकी’ हा शब्दही त्यांना शिकवावा. श्रमाला आणि श्रमिकाला मान देणारा धम्म कसा होता, याचा तो दगडात कोरलेला पुरावा आहे.