फुटलेला डिस्प्ले आणि उघडण्याचा हक्क

वस्तू विकत घेतली की ती आपली झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु जी वस्तू आपल्याला उघडता येत नाही आणि जिच्या अंतर्रचनेचे ज्ञान दुसऱ्याच्या कुलपात आहे, ती खऱ्या अर्थाने कोणाची? मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा डिस्प्ले फुटतो तेव्हा हा प्रश्न घराघरांत उभा राहतो. आज विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, बँकेचा ओटीपी हे सारे या एका काचेतून जाते. ज्याच्या घरी चार यंत्रे आहेत त्याला फुटलेली काच ही गैरसोय वाटते. ज्याच्या घरी एकच फोन आहे त्याच्यासाठी अर्जाची मुदतच निघून जाते. म्हणून डिस्प्ले घरच्या घरी बदलण्याची गोष्ट ही हौशी माणसांची करमणूक समजून सोडून देता येणार नाही. तिच्यामागे ज्ञानाच्या मालकीचा एक इतिहास आहे.

या इतिहासाची सुरुवात मोबाइलच्या फार आधी होते. अमेरिकेत टेलिफोनवर बेल कंपनीची मक्तेदारी होती. यंत्र ग्राहकाच्या घरात असे, मालकी मात्र कंपनीची. बाहेरची कोणतीही वस्तू त्याला जोडण्यास कंपनीची मनाई होती. बोलणे शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाजवळच्या भागावर बसवायची ‘हश-अ-फोन’ नावाची एक साधी वाटी निघाली, तर कंपनीने तिलाही विरोध केला. १९५६ मध्ये न्यायालयाने वाटीच्या बाजूने निकाल दिला. पुढे १९६८ च्या ‘कार्टरफोन’ निर्णयाने बाहेरची उपकरणे जोडण्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडेही टेलिफोनचे यंत्र दीर्घकाळ सरकारी खात्याचेच असे. ते बिघडले की खात्याच्या माणसाची वाट पाहणे एवढेच ग्राहकाच्या हाती होते.

याच्या उलट, प्रारंभीचे घरगुती संगणक उघडे होते. १९७७ मध्ये आलेल्या ‘अ‍ॅपल टू’ची विद्युत-आकृती कंपनीनेच ग्राहकांसाठी छापली. १९८१ च्या आयबीएम संगणकाच्या तांत्रिक पुस्तिकेतही मंडलांच्या आकृत्या होत्या. जुन्या रेडिओंच्या पेटीतही अनेकदा अशी आकृती चिकटवलेली असे. वस्तू विकली म्हणजे ती समजून घेण्याचे साधनही विकले, असा एक अलिखित संकेत त्या काळी होता. हा संकेत पुढे मोडला गेला. तो कसा मोडला गेला, हे काच बदलण्याच्या कृतीतच दिसते.

बऱ्याचशा लॅपटॉपचा डिस्प्ले बदलणे अवघड नाही. यंत्र बंद करून बॅटरीची जोडणी सोडवायची, भोवतीची प्लॅस्टिकची चौकट अलगद उचकायची, स्क्रू काढून पॅनेल पुढे झुकवायचे आणि मागची पट्टी सोडवायची. पॅनेलच्या पाठीवर त्याचा क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक, जोडणीच्या पिना तीस की चाळीस आणि स्क्रू बसवायच्या पट्ट्या, एवढे जुळले की नवे पॅनेल बसते. म्हणजे येथे ज्ञान म्हणजे काही गूढ विद्या नाही. पेचकस, धीर आणि योग्य क्रमांक, इतकेच. पण हे सांगणारी पुस्तिका मिळाली पाहिजे. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका तरुणाने लोकांसाठी मोफत खुल्या ठेवलेल्या दुरुस्ती-पुस्तिकांतून तोशिबाच्या पुस्तिका त्या कंपनीने स्वामित्वहक्काच्या नावाखाली काढावयास लावल्या. ज्ञान चोरण्यासारखी वस्तू ठरवले की शिकणारा आपोआप चोर ठरतो, हे आपल्याला नव्याने सांगण्याची गरज नाही.

मोबाइलच्या बाबतीत कुलपे अधिक पक्की झाली. पहिले कुलूप स्क्रूचे. २०११ च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन ४ ला पाच पाकळ्यांचे स्क्रू बसवले जाऊ लागले. त्यांचा पेचकस तेव्हा सामान्य दुकानात मिळत नसे. दुसरे कुलूप गोंदाचे. वरची काच, टच आणि डिस्प्ले एकमेकांस चिकटवल्यामुळे नुसती काच फुटली तरी बाजारात ज्याला ‘फोल्डर’ म्हणतात तो सबंध भाग घ्यावा लागतो, आणि उष्णता देऊन कडेचा गोंद मऊ केल्याशिवाय फोन उघडत नाही. तिसरे कुलूप अदृश्य आहे. २०१९ च्या आयफोन ११ पासून दुसरा डिस्प्ले बसवला की तो अस्सल असल्याची खात्री पटत नाही, असा संदेश फोनच दाखवू लागला. २०२१ च्या आयफोन १३ मध्ये तर बाहेर डिस्प्ले बदलल्यास चेहऱ्याने फोन उघडण्याची सोय बंद पडत असे. टीका झाल्यावर कंपनीने हा निर्बंध मागे घेण्याचे जाहीर केले. हाताने केलेली दुरुस्ती निर्दोष असूनही यंत्राने ती नाकारावी, ही या काळाची नवी गोष्ट आहे.

कंपन्यांचे म्हणणे असे की हे सारे सुरक्षिततेसाठी आहे. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. लिथियमची बॅटरी भोसकली गेली तर पेट घेते, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात बसला तर मुख्य बोर्ड निकामी होतो. परंतु धोका आहे म्हणून शिकवायचे, की धोका आहे म्हणून शिकण्यासच मनाई करायची? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ च्या अहवालात या निर्बंधांच्या समर्थनार्थ फारच तोकडा पुरावा असल्याचे नमूद केले आहे.

प्रतिकारही याच काळात उभा राहिला. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी ‘आयफिक्सिट’ सुरू केले. त्यांतील एकाला आपल्या लॅपटॉपची पुस्तिका कोठेच मिळाली नव्हती. मग उघडून, छायाचित्रे काढून, पायरीपायरीने सांगण्याची पद्धत रूढ झाली. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी मोटारींच्या दुरुस्तीचा हक्क मान्य केला. न्यूयॉर्कचा इलेक्ट्रॉनिक वस्तूंविषयीचा कायदा २०२२ मध्ये झाला, युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीविषयक निर्देश काढला. भारतात स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुटे भाग व तपासणीची साधने बाहेरच्या कारागिरांना न दिल्याबद्दल सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्टल सुरू केले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, हे मात्र विसरता कामा नये.

आपल्या समाजात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. दुरुस्ती हे काम आपल्या गावगाड्यात बलुत्यात बांधलेले होते. नांगराचा फाळ लोहाराने शेवटायचा, मोटेचे चामडे चांभाराने सांधायचे, आणि मोबदला म्हणून खळ्यावर मिळेल ते धान्य घ्यायचे. कौशल्य हाताचे आणि प्रतिष्ठा पोथीची, अशी ती वाटणी होती. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडताना डॉ. आंबेडकरांनी अशाच वंशपरंपरागत बांधिलकीवर बोट ठेवले होते. बलुतेदारी आणि कंपनीची मक्तेदारी या एकच आहेत असे म्हणणे ताणल्यासारखे होईल. एकीत कारागिराला कामाशी बांधले होते, दुसरीत त्याला कामापासून तोडले जाते. पण कोणत्या हाताने काय करावे हे दोन्हींत दुसराच कोणी ठरवतो, हे साम्य नाकारता येत नाही.

मोबाइल दुरुस्तीचा धंदा जन्माने ठरलेला नाही. बसस्थानकाबाहेरच्या टपरीत भिंग लावून बसलेला तरुण पाहून, विचारून, बिघडवून शिकला आहे. सुटे भाग आणि पुस्तिका कंपनीच्या तिजोरीत राहिल्या तर त्याची रोजी जाते, आणि एका काचेसाठी सबंध यंत्र टाकून द्यावे लागले तर ते दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत, उघड्या हातांनी भंगार फोडणाऱ्यांपुढे जाऊन पडते. जुन्या लॅपटॉपच्या पॅनेलमधील प्रकाशनळीत पारा असतो. तो कोणाच्या श्वासात जातो, हे सांगावयास नको.

म्हणून दुरुस्तीच्या हक्काची मागणी ही ग्राहकांच्या सोयीपुरती ठेवू नये. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी, वसतिगृहांतील कार्यकर्त्यांनी एक जुना लॅपटॉप मुलांसमोर उघडावा. पॅनेलच्या पाठीवरचा क्रमांक वाचायला शिकवावे. मराठीत पुस्तिका लिहाव्यात. सुटे भाग आणि आकृत्या सर्वांस योग्य किमतीत मिळाव्यात, असा कायदा मागावा. हाताला ज्ञान आणि ज्ञानाला हात मिळाल्याशिवाय कोणतेही यंत्र आपले होणार नाही.