सर्पगंधेचे मूळ आणि रक्तदाबाच्या उपचाराचा इतिहास

पक्षाघात हा रोग माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. उच्च रक्तदाब हा मात्र विसाव्या शतकाने ओळखलेला रोग आहे, कारण त्याला स्वतःची अशी वेदना नाही आणि तो मोजल्याखेरीज दिसत नाही. चरकसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणात पक्षवधाचे वर्णन आहे आणि लोकभाषेत त्याला अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतात; परंतु एका क्षणात अर्धे अंग लुळे करणाऱ्या या आघाताचे मूळ मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आहे, हे शवविच्छेदनाच्या आधारे प्रथम योहान याकोब वेपफर या स्विस वैद्याने १६५८ मध्ये मांडले. रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होणे आणि रक्तवाहिनी बंद होऊन मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थांबणे, असे पक्षाघाताचे दोन मुख्य प्रकार पुढे स्पष्ट झाले. तरीही या आघाताची तयारी शरीरात कित्येक वर्षे आधी, निव्वळ दाबाच्या रूपाने, चाललेली असते, हे कळायला दाब मोजण्याचे सोपे साधन हाती यावे लागले.

धमनीतील रक्ताला दाब असतो, हे इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स याने घोडीच्या धमनीत नळी बसवून दाखवले होते आणि ते प्रयोग १७३३ मध्ये प्रसिद्ध झाले; त्या उभ्या काचेच्या नळीत रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले होते. माणसावर अर्थातच असा प्रयोग करणे शक्य नव्हते. तूरिनमधील शिपिओने रिवा-रोची याने १८९६ मध्ये दंडाभोवती गुंडाळायचा रबरी पट्टा आणि पाऱ्याची नळी यांची जोडणी करून तो प्रश्न सोडवला. पट्ट्यातील हवा वाढवत नेली की मनगटाची नाडी ज्या क्षणी लुप्त होते, त्या क्षणीची पाऱ्याची उंची म्हणजे रक्ताचा कमाल दाब, हे त्याचे तत्त्व होते. हार्वी कुशिंग हा अमेरिकी शस्त्रवैद्य १९०१ मध्ये इटलीत पाव्हिया येथे गेला असता त्याने हे उपकरण पाहिले आणि ते अमेरिकेत नेले. चार वर्षांनी, १९०५ मध्ये, सेंट पीटर्सबर्ग येथील लष्करी वैद्यक अकादमीत निकोलाय कोरोत्कोव्ह याने नाडी चाचपण्याऐवजी पट्ट्याखालच्या धमनीवर श्रवणयंत्र ठेवून आवाज ऐकण्याची पद्धत एका अत्यंत छोट्या टिपणात मांडली. आवाज सुरू होतो तो वरचा आकडा, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा दाब, आणि आवाज थांबतो तो खालचा आकडा, म्हणजे हृदय सैल पडल्यावर धमनीत उरणारा दाब. आजचा डॉक्टर दंडाला पट्टा बांधून ऐकतो ते हेच आवाज.

आकडा मिळाला, पण त्याचे करायचे काय हे कोणाला ठाऊक नव्हते. त्याची व्यावहारिक किंमत प्रथम ओळखली ती वैद्यांनी नव्हे तर आयुर्विमा कंपन्यांनी: विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच अमेरिकी कंपन्या विमा मागणाऱ्यांचा दाब मोजू लागल्या आणि वाढलेल्या दाबाची माणसे लवकर मरतात हे त्यांच्या हिशेबाच्या वह्यांतून दिसू लागले. वैद्यकाचे मत मात्र निराळे होते. मूत्रपिंडाचा किंवा अन्य कोणताही रोग न सापडता वाढलेल्या दाबाला एबरहार्ड फ्रांक या जर्मन वैद्याने १९११ मध्ये 'अत्यावश्यक' या अर्थाचे विशेषण लावले. त्याच सुमारास रूढ असलेल्या समजुतीप्रमाणे, अरुंद झालेल्या वाहिन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीरच हा जादा दाब निर्माण करत होते आणि तो उतरवणे म्हणजे अवयवांचे रक्त तोडणे ठरले असते. अमेरिकी हृदयरोगशास्त्राचा एक प्रमुख आचार्य पॉल डडली व्हाइट यानेही १९३० च्या दशकात अशा दाबाला हात लावू नये, असेच सुचवले होते. मोजमाप आणि उपचार यांच्यात अर्धशतकाचे अंतर पडले ते केवळ औषध नव्हते म्हणून नव्हे. औषध हवे असे वाटण्याची गरजच या विचाराने झाकून टाकली होती.

त्या अज्ञानाची किंमत राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या प्रकरणात साऱ्या जगासमोर आली. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासले तेव्हा दाब १८६ वर १०८ होता आणि हृदय निकामी होऊ लागले होते. डिजिटॅलिस, मीठ कमी करणे, विश्रांती, सिगारेटी कमी करणे आणि झोप आणणारे फिनोबार्बिटल, यांपलीकडे जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला देण्यासारखे डॉक्टरांकडे फारसे काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला, त्या वेळी वरचा आकडा ३०० च्या वर गेला होता. हा मृत्यू अगदी अनपेक्षित होता असे त्यांच्या मुख्य वैद्याने जाहीर केले. ब्रुएनने मात्र आपल्या नोंदी १९७० मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा तो किती अपेक्षित होता हे दिसून आले.

याच काळात भारतात एक मूळ दाब उतरवण्यासाठी वापरले जात होते. सर्पगंधा, जिला मराठीत अडकई असेही म्हणतात, ही दमट जंगलांत वाढणारी कमरेच्या आतबाहेर उंचीची झुडुपवजा वनस्पती असून तिच्या मुळाला औषधी मूल्य आहे. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात सर्पदंशावर चालणाऱ्या 'सापाच्या लाकडा'चे वर्णन केले आहे आणि त्यातील एका प्रकारात काही अभ्यासकांना सर्पगंधा दिसते. वनस्पतिशास्त्राने या प्रजातीला ज्याचे नाव दिले तो लिओनहार्ट राउवोल्फ हा सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य पश्चिम आशियात हिंडला, पण भारतात कधी आलाच नाही, हा नामकरणाच्या इतिहासातला एक गमतीचा भाग होय. देशी परंपरेत हे मूळ सर्पविष, ताप, निद्रानाश आणि विशेषतः उन्माद यांवर दिले जाई. बिहारमध्ये तर ते वेडावरचे औषध म्हणूनच ओळखले जाई. आयुर्वेदाला रक्तदाबावरचे औषध हजारो वर्षांपासून माहीत होते, असे अभिमानाने सांगितले जाते, ते खरे नाही. मोजलेला दाब ही कल्पनाच जिथे नव्हती तिथे त्यावरचे औषध असणे शक्य नव्हते. परंपरेने दिले ते मूळ, त्याच्या शामक गुणाचा अनुभव आणि ते सुरक्षितपणे वापरण्याची सवय, आणि एवढे देणेही लहान नव्हे.

या मुळाने दाब उतरतो, हे कलकत्त्यातील गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले. ते उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींचे औषध म्हणून त्यांनी पुढे ठेवले. त्याच वर्षी सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी दिल्लीत या मुळातून पहिली अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतीत आढळणारी नायट्रोजनयुक्त क्रियाशील द्रव्ये, वेगळी केली आणि त्यांतील एकाला आपले गुरू हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन हे नाव दिले. रामनाथ चोप्रा यांच्या कलकत्त्यातील प्रयोगशाळेतही या मुळावर काम चालू होते, आणि डेहराडूनच्या हिमालया कंपनीने त्याच्या गोळ्या 'सर्पिना' या नावाने बाजारात आणल्या. महात्मा गांधींच्या पत्रव्यवहारात त्यांच्या वाढलेल्या दाबाचे उल्लेख वारंवार येतात. १९४० मध्ये तो २२० वर ११० पर्यंत गेला होता आणि त्यावर त्यांनी सर्पगंधा घेतल्याचाही उल्लेख आढळतो. तात्पर्य, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात राहणाऱ्या रुग्णाला जे औषध मिळत होते, ते व्हाइट हाउसमधील रुग्णाच्या वैद्यांना ठाऊक नव्हते. मात्र पक्षाघात टाळण्याच्या दृष्टीने या फरकाला किती किंमत द्यावी, हे ठरवण्याचे साधन तेव्हा कोणाकडेच नव्हते.

भारतीय नियतकालिकांतील लेख पश्चिमेत फारसे वाचले जात नसत, ही अडचण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी दूर केली. १९२६ मध्ये सुरू झालेल्या परळच्या केईएम रुग्णालयाशी त्यांचा संबंध होता आणि कित्येक वर्षे ते आपल्या रुग्णांना सर्पगंधा देत होते. ऑक्टोबर १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचा जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात ५० रुग्णांच्या दाबाचे आकडे होते आणि बहुतेकांचे दोन्ही आकडे खाली आल्याचे त्यात दाखवले होते. आजच्या कसोटीला हा लेख उतरत नाही, कारण त्यात तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट नव्हता, आणि नुसत्या विश्रांतीने किंवा वैद्याच्या सहवासानेही दाब उतरतो ही गोष्ट त्यामुळे वेगळी काढता येत नव्हती. परंतु तो योग्य जागी छापला गेला आणि नेमक्या वेळी वाचला गेला. बॉस्टन येथील रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून भारतातून गोळ्या मागवल्या, १९५० पासून त्या वापरल्या आणि दाब हळूहळू उतरतो व रुग्ण शांत होतो, हे निरीक्षण अमेरिकी वैद्यकापुढे मांडले. १९५२ मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीतील म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळातील मुख्य क्रियाशील द्रव्य वेगळे काढले, त्याचे नाव रिसर्पिन. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रिसर्पिन दाब कसा उतरवते, हे पुढच्या काही वर्षांत उलगडले. रक्तवाहिन्या आवळण्याची आज्ञा देणाऱ्या सहानुभावी मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रिनलिन हे द्रव्य सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असते; रिसर्पिन ते पिशव्यांत साठू देत नाही, साठा रिकामा होतो आणि वाहिन्या सैल पडतात. मेंदूतही हेच घडते, आणि त्यामुळे हे औषध मनोविकारशास्त्रातही पोहोचले. रिसर्पिनने निश्चल झालेल्या सशांवर काम करतानाच स्वीडनच्या आर्विड कार्ल्सन यांना डोपामिनचे महत्त्व उमगले आणि त्या कार्यासाठी २००० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. याच गुणाची दुसरी बाजू म्हणजे खिन्नता: १९५० च्या दशकात दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रांनी काही रुग्णांना तीव्र विषण्णता आली आणि औषधाची कीर्ती त्यातून कधी पूर्ण सावरली नाही.

आता दाब उतरवता येत होता. १९५८ पासून क्लोरोथायाझाइड हे मूत्रल, म्हणजे लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारे औषध, हाताशी आल्याने तो सुसह्य रीतीने उतरवता येत होता. पण दाब उतरवल्याने पक्षाघात टळतो का, या प्रश्नाचे उत्तर अजून कोणीच दिले नव्हते, आणि संशयी वैद्यांचे म्हणणे असे की आकडा उतरवणे म्हणजे रोग उतरवणे नव्हे. या इतिहासातला खरा निर्णायक प्रसंग येथे येतो. वॉशिंग्टनमधील एडवर्ड फ्राइस यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयांत अशी चाचणी उभी केली की ज्यात कोणाला औषध आणि कोणाला हुबेहूब तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी मिळाली, हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि वैद्यालाही नाही. औषधाच्या गटाला हायड्रोक्लोरोथायाझाइड, हायड्रालाझिन आणि रिसर्पिन अशी तीन औषधे एकत्र मिळत होती. सर्पगंधेच्या मुळातून निघालेले द्रव्य असे या चाचणीच्या गाभ्यातच होते. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचा पहिला अहवाल १९६७ मध्ये आला: निष्क्रिय गोळीच्या गटात २७ जणांना गंभीर उपद्रव झाले, औषधाच्या गटात फक्त २ जणांना. १९७० च्या दुसऱ्या अहवालात खालचा आकडा ९० ते ११४ असलेले, म्हणजे पूर्वी ज्यांना कोणी रोगी मानले नसते असे, ३८० पुरुष होते आणि त्यांतील पक्षाघात निष्क्रिय गोळीच्या गटात २० तर औषधाच्या गटात ५ होते. अत्यावश्यक दाबाला हात लावू नये, हे जुने मत या दोन अहवालांनंतर वैद्यकीय पुस्तकांतून मागे पडले. वकिलांच्या ५० रुग्णांनी जी शक्यता दाखवली, तिला पुराव्याचे रूप मिळायला वीस वर्षे लागली, आणि पक्षाघाताच्या प्रतिबंधाचे श्रेय वाटायचे झाल्यास त्यातला मोठा वाटा औषध शोधणाऱ्यांपेक्षा ही चाचणी करणाऱ्यांकडे जातो.

एक गैरसमज मात्र उरला होता. वयाबरोबर वरचा आकडा वाढणारच, वयात शंभर मिळवावेत इतका तो चालतो, असा आडाखा कित्येक वैद्य बाळगून होते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, ज्यांचा केवळ वरचा आकडा वाढलेला होता अशा साठ वर्षांवरील ४,७३६ जणांना क्लोरथॅलिडोन या मूत्रल औषधाने सुरुवात करून उपचार दिले असता पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटले, आणि तो आडाखा संपला. या चाचणीतही, दुसऱ्या टप्प्यातील अटेनोलॉल ज्यांना चालत नसे त्यांच्यासाठी, अत्यल्प मात्रेतील रिसर्पिन राखून ठेवलेले होते. दरम्यान १९७४ मध्ये रिसर्पिनमुळे स्तनाचा कर्करोग होतो अशी शंका उपस्थित झाली होती. पुढील अभ्यासांत ती टिकली नाही, पण तोवर नवी औषधे आली होती. जंगलातून बेसुमार उपटली गेल्यामुळे सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून निर्बंध आहेत.

भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये पाच राज्यांत सुरू झाला आणि महाराष्ट्रात त्यासाठी सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे प्रथम निवडले गेले. प्राथमिक आरोग्य केंद्रावर दाब मोजणे, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणे, महिन्याचे औषध एकदम देणे आणि न आलेल्याला परत बोलावणे, अशी त्याची साधी पद्धत आहे. त्यातील औषधे मुख्यतः तीन: अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन. यांपैकी तिसरे १९९१ च्या चाचणीतले पहिले औषध होते. रिसर्पिन या यादीत नाही.