राज्यशास्त्राचा पदवीधर आणि सत्तेच्या वाटा

देवगाव रंगारी हे कन्नड तालुक्यातले गाव. गावाच्या नावातच एक धंदा आहे. गावगाड्यात धंदा जन्माने ठरत होता. रंगाऱ्याचा मुलगा रंगारी, महाराचा मुलगा येसकर. माणसाने आपला व्यवसाय आपण निवडावा ही कल्पनाच त्या व्यवस्थेला मान्य नव्हती. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात दाखवून दिले की, जात माणसाला धंदा बदलू देत नाही आणि म्हणून ती बेकारीचे थेट कारण ठरते. आज याच गावात महाविद्यालय आहे. दलित वस्तीतली मुले-मुली कला शाखेत जातात, राज्यशास्त्र घेतात आणि घरी रोजंदारीवर जाणारा बाप विचारतो, “हे शिकून पुढे काय?” बापाचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र नोकरीच्या जाहिरातीत शोधण्याआधी इतिहासात शोधले पाहिजे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. महारवाड्यापुरते राज्य म्हणजे चावडी. अंमलदार आला की त्याचे ओझे वाहायचे, सांगावा पोहोचवायचा, वेठ करायची. राज्य आपल्याकडून काम करून घेते एवढेच ठाऊक. राज्य चालते कसे, हे विचारण्याचा अधिकार नव्हता. सरकारी दप्तर उर्दूत होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून होते आणि ते दूर हैदराबादेत. अशा मुलखात पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. ज्यांच्या वाडवडिलांनी चावडीबाहेर उभे राहून हुकूम ऐकले, त्यांची मुले तेथे बाकावर बसून राज्यघटना वाचू लागली. या बदलाचे मोल पगाराच्या आकड्यात मोजता येणार नाही. पण पगाराचा प्रश्न त्याने सुटतो असेही नाही, म्हणून वाटांचा विचार वाट-वाट घेऊन केला पाहिजे.

या विषयाच्या पदवीधरापुढे ज्या वाटा आहेत, त्या सर्व बाबासाहेबांनी स्वतः तुडवल्या होत्या. लंडनच्या ‘स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पॉलिटिकल सायन्स’चे ते विद्यार्थी. १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. तेथे त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडावी लागली. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९२० साली ‘मूकनायक’ काढले. १९२३ पासून वकिली, १९२७ पासून मुंबई विधिमंडळ. नोकरी, अध्यापन, वृत्तपत्र, वकिली, राजकारण: या पाच वाटांपैकी एकही आपल्यासाठी आधीपासून खुली नव्हती.

पहिली वाट सरकारी सेवेची. बडोद्यात ज्याला निवारा नाकारला गेला, त्यानेच व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली केंद्रीय सेवांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास (८.३३) जागा राखून घेतल्या. १९४६ साली हे प्रमाण साडेबारा टक्के झाले, १९७० साली पंधरा. घटनेच्या १६ (४) आणि ३३५ या कलमांनी त्याला आधार दिला. तरी परीक्षेची भाषा इंग्रजी होती तोवर खेड्यातल्या मुलाला हे दार अर्धेच उघडे होते. कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून नागरी सेवेची मुख्य परीक्षा मराठीतूनही देता येऊ लागली. आज या परीक्षेत राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेतला तर लेखी परीक्षेच्या १७५० पैकी ५०० गुण त्याचे. शिवाय सामान्य अध्ययनातही राज्यघटना आणि शासनव्यवहार आहेच. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला वयाच्या ३७ वर्षांपर्यंत संधी आहे. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून नायब तहसीलदार, गटविकास अधिकारी होता येते. मार्गदर्शनासाठी पुण्याची ‘बार्टी’ आहे. १९७८ साली ती ‘समता विचारपीठ’ म्हणून सुरू झाली होती. मात्र जागा थोड्या आणि उमेदवार लाखोंनी, हे सत्य मुलांपासून लपवणे म्हणजे त्यांची फसवणूक करणे होय. पाच-सात वर्षे केवळ परीक्षा देत राहणे गरिबाच्या घराला झेपत नाही. हाताशी दुसरी वाट हवीच.

दुसरी वाट अध्यापनाची. एम. ए. आणि त्यावर राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा एवढी तयारी लागते. पहिल्या पिढीला मिलिंदसारख्या महाविद्यालयांनी प्राध्यापक केले, आणि त्या प्राध्यापकांतून लेखक व विचारवंत घडले. आज मात्र पात्रता मिळवलेले कितीतरी तरुण तासिका तत्त्वावर राबत आहेत. पद राखीव आहे, पण भरतीच होत नसेल तर त्या राखीवपणाला अर्थ काय? घटनेतला हक्क कागदावर जिवंत ठेवून व्यवहारात मारण्याची ही रीत राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने ओळखली नाही, तर कोणी ओळखायची?

तिसरी आणि चौथी वाट, वकिली आणि वृत्तपत्राची, हे दुर्लक्षिलेले धन आहे. पदवीनंतर तीन वर्षांत कायद्याची पदवी मिळते. गायरानाचा तंटा, अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची फिर्याद, जातीच्या दाखल्याचा अर्ज, या सर्वांसाठी कन्नडच्या कोर्टात आणि कचेरीत आपला माणूस लागतो. घटना समजलेला वकील आणि घटना समजलेला बातमीदार तालुक्याच्या ठिकाणी असणे ही समाजाची गरज आहे.

पाचवी वाट राजकारणाची. येथे आपले सर्वांत मोठे नुकसान झाले आहे. बाबासाहेबांनी जुलै १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी होते. विधिमंडळात बोलणाऱ्याला अभ्यास हवा, वक्तृत्व हवे, कायद्याची जाण हवी, ही त्यामागची दृष्टी. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि हे विद्यालय दुसरी तुकडी पाहू शकले नाही. पुढे पक्ष फुटत गेले, पुढारी वाढले. प्रशिक्षण मात्र कोणी चालू केले नाही. २४ एप्रिल १९९३ पासून त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. आपली बाई सरपंच होते, पण ठराव दुसराच लिहितो आणि ती सही करते, असे जेथे घडते तेथे चावडी जुनीच आहे असे समजावे. राज्यशास्त्र शिकलेली मुलगी त्या खुर्चीवर बसली, तिने अंदाजपत्रक वाचले, ग्रामसभेत हिशेब मागितला, तर ते पद खऱ्या अर्थाने आपले होईल.

ज्या विद्यापीठाची पदवी देवगावचा विद्यार्थी घेतो, त्याच्या नावासाठी मराठवाड्यात काय घडले हे त्याने विसरू नये. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि खेड्यापाड्यांत दलितांची घरे जळाली. नाव लागले ते १४ जानेवारी १९९४ ला, सोळा वर्षांच्या झुंजीनंतर. पदवीपत्रावरचे ते नाव रक्त देऊन मिळवले आहे.

तेव्हा बापाच्या प्रश्नाला मुलाने सरळ उत्तर द्यावे: परीक्षा देईन, पण मुदत ठरवून देईन, सोबत कायदा किंवा अध्यापनाची पात्रता मिळवीन, आणि पोट कोठेही भरले तरी ग्रामसभेत उभा राहून बोलेन. गावगाड्याने आपल्याला राज्याचे ओझे वाहायला लावले. आता त्याच राज्याचा हिशेब तपासायचा आहे, आणि त्यासाठी शिकलेली माणसे गावोगाव लागणार आहेत.