पेरुंबाक्कम ते हिंगणघाट

सिरुसेरीच्या उत्तरेस, शोळिंगनल्लूरच्या पश्चिमेला पेरुंबाक्कम म्हणून गाव आहे. सेंट थॉमस माउंटजवळच्या मैदानापासून तेथील टेकडीपर्यंत विल्यम लँबटन ह्या पायदळातील अधिकाऱ्याने १० एप्रिल १८०२ रोजी एक सरळ रेषा मोजावयास घेतली. ती ४०,००६ फूट, म्हणजे साडेसात मैलांहून किंचित अधिक भरली. मोजणीची पोलादी साखळी मुळात चीनच्या सम्राटाला नजर करण्यासाठी नेलेली; तिकडे ती नाकारली गेली आणि हस्ते परहस्ते मद्रासेस आली. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून दर वेळी उष्णतामान पाहावे लागे.

हा खटाटोप कशासाठी? त्यापूर्वीचे नकाशे बहुधा वाटेने चाक फिरवीत केलेले. नदीकाठाने मजल दरमजल जाताना चुका साठत आणि कागदावर नदी भलतीकडेच वळे. लँबटनने एकच बाजू काटेकोर मोजली व पुढचे काम कोनांवर सोपविले. मंगळूरपर्यंत त्रिकोण जोडीत गेल्यावर द्वीपकल्पाची रुंदी प्रचलित नकाशांहून सुमारे ४० मैल कमी निघाली!

कावेरीच्या मुखाकडील सपाट प्रदेशात मात्र टेकडी नाही, माडांची दाटी फार. तेव्हा देवळांच्या शिखरांचा आश्रय घ्यावा लागला. १८०८ साली तंजावरच्या बृहदीश्वरावर सुमारे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून वेडेवाकडे झाले. ह्याच देवळाच्या भिंतींवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला होता. आपली मंडळी तो लेख आवर्जून पाहतात. यंत्राची हकीकत त्यांना क्वचितच कोणी सांगतो. दुसरा एखादा विलायतेहून नवे यंत्र येईपर्यंत स्वस्थ बसला असता. लँबटनने तंबूत कोंडून घेऊन सहा आठवडे खपून तेच दुरुस्त केले. माझ्या मते त्याची खरी थोरवी ह्या सहा आठवड्यांत दिसते.

१८१८ मध्ये हे काम हिंदुस्थान सरकारने आपल्या हाती घेतले. हैदराबादेहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी लँबटन हिंगणघाटास वारला. त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट ह्याने ती त्रिकोणांची साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली, आणि पुढे शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्टचे. लँबटनची कबर हिंगणघाटातच आहे. चेन्नईहून नागपूरकडे रजेवर निघालेल्या आपल्या लोकांची ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस त्या गावावरूनच जाते.